नववी जीभ

लाडू कुणीच संपवला नव्हता. गच्चीवर हे फक्त कुमुदच्या लक्षात आलं.

चौरंगावरून तिला सगळी पंगत दिसत होती. अंगावर हिरवी साडी, केसांत आणि दंडांवर शेवंतीचे दागिने, मांडीवर ओटीचा नारळ. सातवा महिना सरत आला होता. किदवईनगरच्या सरकारी क्वार्टरांवर डिसेंबरचं ऊन कोमट दुधासारखं पसरलं होतं आणि शेजारी बसलेल्या बायकांचे आवाजही तिला लांबून, पाण्यावरून आल्यासारखे ऐकू येत होते. पण डोळे ताटांवर होते. ती तिची नोकरीतली सवय होती. सरकारी अन्नसंशोधन संस्थेत रुजू झाल्यापासून ती हाताखालच्या मुलींना सांगत आली होती की खाणाऱ्याला चव विचारू नका, त्याच्या ताटात काय उरलं ते बघा. विचारलं की माणसं सभ्य होतात.

सुनीतीबाई नाडकर्णींनी लाडू पुरीखाली सरकवला होता. वृंदा पाठारेनं तो चुरून खिरीत बुडवला होता. कुणी अर्धा ठेवला होता, कुणी पदराआड रुमालात बांधला होता. तोंडानं मात्र प्रत्येकीनं लाडू छान झाल्याचं तिच्या सासूबाईंना, चंद्रप्रभाबाईंना सांगितलं होतं. डोहाळजेवणाला आलेली बाई याहून वेगळं काय सांगणार?

लाडवाला वेलदोड्याचा भपकारा येत होता आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता. गेले काही महिने कुमुदला वास असेच यायचे, आधी वास आणि मागाहून वस्तू. खालच्या अंगणातली शेगडी, नाडकर्णीबाईंच्या शालीतल्या डांबरगोळ्या, कुंड्यांतली ओली माती हे सगळे वास स्वप्नातल्या माणसांसारखे चेहऱ्याशिवाय येऊन उभे राहायचे. हा वासही तसाच होता. ओळखीचा होता, पण नाव सापडत नव्हतं. आणि तो तिनं याच आठवड्यात संस्थेच्या गोदामात घेतला होता.

तिनं लताला हाक मारली. लता तिची नणंद, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची आणि वाढण्याचं काम आज तिच्याकडे होतं. लाडू कशाचे, असं कुमुदनं हळूच विचारलं.

"तुझ्याच पिठाचे," लता म्हणाली. "फडताळात दोन डबे होते ना, त्यातल्या एकाचे. माईनं काल केले. का गं?"

कुमुद चौरंगावरून उठली. बायकांना वाटलं, अवघडली असेल.

*

माई, म्हणजे चंद्रप्रभाबाई, खाली स्वयंपाकघरात पेढा आणि बर्फीच्या वाट्या झाकून ठेवत होत्या. पंगत उठली की सुनेनं त्यातली एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सून स्वतःच जिना उतरून आली तेव्हा त्यांना आधी तिच्या पायांची काळजी वाटली.

"माई, डबा कुठला घेतलात? चिठ्ठी कसली होती त्यावर?"

"निळी."

निळ्या चिठ्ठीचा डबा गोदामातला होता. भुईमुगाची पेंड, हरभरा आणि गहू यांचं पीठ कुमुदनं संस्थेत सहा वर्षं खपून बसवलं होतं. बालवाड्यांतल्या लहान मुलांना दुधात कालवून द्यायचं म्हणून. अशा कामावर दिल्लीत तेव्हा दुसरी बाई नव्हती, आणि म्हैसूरहून शिकून आलेल्या या बाईला सुरुवातीला बसायला टेबलही मिळालं नव्हतं. आता पीठ तयार झालं होतं. पहिला मोठा साठा पावसाळाभर पत्र्याच्या गोदामात पडून होता आणि सोमवारी तो ट्रकांवर चढायचा होता. कुमुदला त्याचा वास खटकला. रासायनिक चाचणीत साठा काठावर पास झाला. चहा-सिगारेटवर वाढलेल्या सहकाऱ्यांच्या पॅनेलला काही फरक कळला नाही. तेव्हा संस्थेतल्या तिच्या जोडीच्या डॉक्टर सहगलांनी हसत हसत तिच्यासमोर तिचीच नियमावली धरली. चव घेणाऱ्याला सर्दी नसावी, त्यानं तंबाखू खाऊ नये, आणि गर्भारपणात कुणी पॅनेलवर बसू नये. शेवटचा नियम कुमुदनंच घातला होता.

म्हणून तिनं दोन डबे घरी आणले होते, एक गोदामातला आणि एक थंड खोलीतला. प्रयोगशाळेच्या वासांपासून दूर एकदा शांतपणे हुंगून बघायचे म्हणून. उद्याच्या गाडीनं ती बाळंतपणासाठी नागपूरला निघणार होती. ती कामावर असली तर तिच्या सहीशिवाय साठा हलत नव्हता. ती रजेवर गेली की सही सहगलांची होती.

"पौष्टिक, पौष्टिक म्हणून तूच सांगत असतेस," माई म्हणाल्या. "म्हटलं, सुनेनं केलेलं पीठ सुनेच्याच डोहाळजेवणाला. चुकलं का काही?"

"वेलदोडे किती घातलेत?"

माईंनी ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"नेहमीपेक्षा जास्त," त्या म्हणाल्या.

"का?"

"डबा उघडला तेव्हा जरा वास आला. म्हटलं सरकारी पीठ आहे, असेल त्याचा तसाच." मग थोड्या वेळानं, ओट्याकडेच बघत, "भाजताना जास्त आला."

कुमुद पाटावर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि त्या दोन्हींत गुंगी मिसळली होती. दिल्लीत एक दुसरं नाक सापडलं होतं, आणि त्या नाकानं वासावर वेलदोडा टाकला होता. पण माईंचा शब्द तिला वापरता येणार नव्हता. पदार्थ करणाऱ्यानं पॅनेलवर बसायचं नाही, हाही तिचाच नियम.

वरून वृंदाची हाक आली, वाट्या कधी उघडायच्या म्हणून. कुमुदनं झाकलेल्या वाट्यांकडे पाहिलं.

वर अकरा बायका आहेत, त्यांतल्या नऊजणींना आपण तीन-तीन झाकलेल्या वाट्या देऊ, असं तिनं सासूला सांगितलं. दुधात कालवलेलं पीठ. दोन वाट्यांत एक, तिसरीत दुसरं. वेगळी वाटी कुठली एवढंच प्रत्येकीनं सांगायचं. माईंचा हात थांबला. पहाडगंजच्या दोन खोल्यांत राहत असल्यापासून दिल्लीतल्या मराठी घरांत त्यांच्या हाताचं नाव होतं. मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा.

"माझ्याच घरी बोलावून बायकांना विचारायचं, की माझे लाडू खवट होते का?"

"लाडवांचं नाही विचारत मी. पिठाचं."

"त्या खुळ्या नाहीत, कुमुद."

कुमुदनं ते नाकारलं नाही. त्यांना कळेलच, असं ती म्हणाली.  लग्नानंतरच्या अकरा वर्षांत तिनं सासूकडे काही मागितलं नव्हतं. तिला फक्त एवढंच बोलता आलं की दोन्ही पिठांच्या रंगात फरक आहे, डोळ्यांना तो कळू नये म्हणून खोलीत लाल उजेड लागतो, आणि लाल दिवा तर संस्थेत राहिला.

माई आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा लग्नातला शालू होता.

"खिडकीला लाव," त्या म्हणाल्या. "जरीला खिळा लागू देऊ नकोस."

*

जिन्याशी कुमुदचा नवरा विश्वास उभा होता. डोहाळजेवण बायकांचं, म्हणून सकाळपासून तो शेजारच्या श्याम पाठारेकडे रेडिओवर क्रिकेट ऐकत बसला होता. आता तो नाडकर्णीबाईंच्या ड्रायव्हरला बोलवायला आला होता, कारण नाडकर्णीबाई निघाल्या होत्या. नाडकर्णीसाहेब त्याच्या मंत्रालयात त्याच्या दोन पायऱ्या वर होते.

"मिस्टर आगाशे," त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी ऑफिस घरीच भरवलंय. आम्ही जेवायला आलो होतो, परीक्षेला नाही."

विश्वासनं हात जोडले. मोटार वळून जाईपर्यंत ते तसेच राहिले. त्याच्या कोटाच्या खिशात उद्याच्या जी. टी. एक्सप्रेसची तिकिटं होती, कुमुदचं आणि तिच्या आईचं. आणि त्याच्या मनात काल सकाळचा फोन होता. सहगलांचा. ते फार अदबीनं बोलले होते. मॅडम थकल्या आहेत, अशा दिवसांत वास भलतेच येतात, माझ्या पत्नीलाही यायचे, त्यांना निश्चिंत मनानं जाऊ द्या. विश्वासनं होकार दिला होता. याआधी दोनदा कुमुद पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि त्या दोन्ही वेळा तो तिला काही बोलू शकला नव्हता. ते दिवस परत येऊ नयेत यासाठी त्यानं याहून मोठ्या गोष्टींना होकार दिला असता.

तो वर गेला. दिवाणखान्याच्या खिडकीला आईचा शालू लावलेला होता. उन्हानं तो पेटला होता आणि सगळी खोली, टेलिफोन, मेज, भिंतीवरचा वडिलांचा, अण्णासाहेबांचा हार घातलेला फोटो, एका गडद लाल पाण्यात बुडाल्यासारखी झाली होती. मेजावर तीन वाट्या, वर द्रोणांची झाकणं. शेजारी कोमट पाण्याचा पेला. खुर्चीवर वृंदा पाठारे डोळे मिटून बसली होती, जिभेवरचा घोट गालातून गालात फिरवत. लता भिंतीशी उभी होती.

"बाहेर," लता त्याला म्हणाली. "इथं बोलायचं नाही. पुरुषांनी तर बिल्कुल नाही."

*

लताला त्या दुपारचं नंतर कायम एक नवल वाटत राहिलं. ज्या बायकांना दोन मिनिटं गप्प बसवणं अशक्य, त्या त्या लाल खोलीत येताच देवळात आल्यासारख्या व्हायच्या. हात मांडीवर घ्यायच्या. हुंगायच्या, घोट घ्यायच्या, पाण्यानं खळखळून चूळ भरायच्या, पुन्हा हुंगायच्या. मोहिनी कर्णिकांनी तर बोट दाखवण्याआधी विचारलं, खरं सांगितलं तर कुणाला वाईट वाटणार आहे का? लतानं सांगितलं, मला उत्तर ठाऊकच नाही, वहिनी आत वाट्या भरतात आणि मी नुसत्या आणते. तेव्हा त्या बाईंनी मोठा श्वास सोडला आणि बोट दाखवलं. कुणाला राग येणार नाही अशी जागा त्यांना बहुतेक बऱ्याच वर्षांनी मिळाली होती.

आठवीचं झालं तसं लता स्वयंपाकघरात आली. कुमुदनं उत्तरं ताडून पाहिली.

"पाच," ती म्हणाली.

"आठांत पाच म्हणजे पास की."

"नाही. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघींतली एक बरोबर येतेच. नऊजणी धरल्या होत्या मी, आणि नवांत सहा बरोबर हव्यात. त्याखाली सहगल म्हणतील, योगायोग."

"मग आणखी एक. मी खाते."

"तू सगळ्यांची बोटं पाहिलीस."

"वर दोघी उरल्यात ना?"

वर उरलेल्या दोघींपैकी एकीला सर्दी होती आणि दुसरी तंबाखूची मिश्री लावायची. नाडकर्णीबाई निघून गेल्या होत्या. माई दारात उभ्या होत्या, त्या करणाऱ्या. कुमुद स्वतः तर नियमावलीतच बसत नव्हती.  सगळ्यांच्या तोंडी वेलदोडा होता, कुमुदच्या मनात येत होतं, माईंचा तो वेलदोडा अजून सगळ्यांच्या जिभांवर आहे, नाहीतर पाचच का आल्या असत्या. स्वच्छ जीभ हवी होती. ज्यानं आज या घरात काही खाल्लंच नाही असं कुणीतरी.

तिघींनी एकदमच बाहेरच्या व्हरांड्याकडे पाहिलं.

*

सुनंदाबाई व्हरांड्यात बांधलेल्या सामानाशेजारी बसल्या होत्या. नागपूरहून त्या मुलीला न्यायला आल्या त्याला तीन दिवस झाले होते. उतरल्या होत्या करोलबागेत चुलतभावाकडे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा त्यांच्या सासरचा रिवाज होता आणि कुमुदच्या लग्नापासून त्यांनी तो मोडला नव्हता. पाणीसुद्धा त्या आपल्या फिरकीच्या तांब्यातून आणायच्या. माई दरवेळी आग्रह करायच्या, त्या दरवेळी हात जोडायच्या आणि दोघींनाही त्यात आता काही वाटेनासं झालं होतं.

लतानं त्यांना सगळं सांगितलं, सांगू नये तेसुद्धा. पाच झाल्या, एक हवी.

"लता," कुमुद म्हणाली. पण ते बोलून गेलं होतं.

सुनंदाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "मी बरोबर सांगितलं तर काय होईल?"

"खवट असेल तर साठा थांबेल."

"आणि तू?"

"मी थांबल्याशिवाय तो थांबत नाही, आई."

नागपूरला धंतोलीच्या घरात मागची खोली चुना लावून तयार होती. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं होतं. सुनंदाबाईंनी शेजारणीकडून पाळणा आणवून स्वतः पॉलिश केला होता. लग्नानंतर अकरा वर्षांत मुलगी आठ दिवसांहून जास्त माहेरी राहिली नव्हती. कधी परीक्षा, कधी म्हैसूर, कधी दौरा, आणि दोनदा तर तार आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं. तीन महिने. तीन महिने ती घरात असणार होती, एवढ्यावर सुनंदाबाईंची ही थंडी चालली होती.

"तुमचं व्रत आहे विहीणबाई," माई म्हणाल्या. "नाही म्हणालात तरी कुणी काही म्हणणार नाही."

हे त्यांनी मनापासून म्हटलं की नाही, ते माईंना स्वतःलाही सांगता आलं नसतं. सून घरात राहावी असं आता त्यांना वाटत होतं आणि आपले लाडू कुणी खवट ठरवू नयेत असंही.

सुनंदाबाई उठल्या. आपल्या तांब्यातल्या पाण्यानं त्यांनी चूळ भरली.

लाल खोलीत त्यांना प्रथम काही दिसलं नाही. मग वाट्या दिसल्या, लतानं आणून ठेवलेल्या. दार लोटलं गेलं. बाहेरचे आवाज विझले. त्यांना वाटलं, आपण खूप लहान आहोत आणि कुणीतरी आपल्याला गोधडीत घेतलंय, गोधडीतून ऊन दिसतंय. या खोलीत काही सांगितलं तरी चालेल. चुकीची वाटी दाखवली तरी कोणाला कळायचं नव्हतं. म्हाताऱ्या बाईची जीभ, तिचा काय भरवसा. मुलगी हळहळेल, मग उद्या गाडीत बसेल. नागपूर येईपर्यंत तिला झोप लागेल. तिला झोपेची फार गरज आहे.

त्यांनी पहिली वाटी हुंगली आणि घोट घेतला. गोडसर, भाजक्या हरभऱ्याचा. बरं होतं. पोरांना आवडलं असतं. चूळ भरली. दुसरी घेतली.

त्यांनी ठरवलं होतं की तिन्ही संपवायच्या, मग तिसऱ्या वाटीवर बोट ठेवायचं, काही असलं तरी. पण दुसरीचा घोट जिभेच्या मागे गेला आणि त्यांच्या डाव्या हातानं ती वाटी मेजाच्या कडेपर्यंत लोटली. हाताच्या पाठीनं. रांगतं मूल वाटीकडे झेपावलं तर लोटावी तशी. शंकेला जागा नव्हती.

सुनंदाबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. लतानंही तो पाहिला.

"तिसरी घ्यायचीय अजून," लता हळू आवाजात म्हणाली.

त्यांनी तिसरी घेतली. पहिलीसारखीच होती. त्यांना ती वेगळी आहे असं म्हणणं अजूनही शक्य होतं, आणि लता समोर होती तरी ते शक्य होतं.  खिडकीतलं ऊन सरकून अण्णासाहेबांच्या फोटोवरून खाली आलं.

"ही," त्या म्हणाल्या आणि कडेला गेलेल्या वाटीवर बोट ठेवलं.

*

बरोबर की चूक हे चव घेणाऱ्याला सांगायचं नसतं. कुमुदनं कुणाला काही सांगितलं नाही. ती दिवाणखान्यात आली आणि टेलिफोनपाशी बसली. विश्वास तिच्या मागून आत आला.

"सहगलांचा घरचा नंबर लावून द्या," ती म्हणाली.

विश्वासनं रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. "तू उद्या निघतेस असं मी त्यांना सांगून बसलोय."

"कधी?"

"काल. त्यांचा फोन आला होता."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तुला झोप लागत नाहीये, कुमुद."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. लाल उजेडात त्याचा चेहरा फार दमलेला आणि फार तरुण दिसत होता. भांडायचं तर आता भांडता आलं असतं. ती म्हणाली, "पोटातलं नीट आहे. मला कळतं. गेल्या दोन वेळांसारखं नाही हे." मग, "नंबर."

त्यानं लावून दिला आणि खोलीतून गेला नाही, शेजारी उभा राहिला.

सहगलांशी ती हिंदीत बोलली. साठा थांबवायचा आहे, सोमवारी सकाळी मी येते आहे. ते म्हणाले की मॅडम, आप तो छुट्टी पर हैं. रजेचा अर्ज परत घेते आहे, असं तिनं सांगितलं.  मग सहगल त्याच प्रेमळ आवाजात वासांविषयी बोलू लागले, या दिवसांतल्या.

"मैंने चखा ही नहीं, डॉक्टर साहब," कुमुद म्हणाली. "नौ लोगों ने चखा है. छह सही."

पॅनेल कोण होतं, असं त्यांनी विचारलं.

"औरतें. सब बच्चों को खिला चुकी हैं."

सहगलांनी कायद्यातलं काही काढलं, घरी घेतलेली चाचणी धरली जात नाही असं काहीसं. ते ठीकच होतं. तिनं मान्य केलं की सोमवारी संस्थेत पुन्हा घेऊ, रीतसर, बाहेरची माणसं बसवून, आणि तोवर साठ्यावर माझी सही नाही.  फोन ठेवताना ते म्हणाले, अपना ख़याल रखिए, आणि ते त्यांनी खरोखरच म्हटलं असावं.

तो साठा गोदामातून निघाला नाही. पुन्हा घेतलेल्या चाचण्यांचा निकाल यायला फेब्रुवारी उजाडला. पत्र्याच्या छपराखाली पीठ किती महिने टिकतं हे त्यातून ठरलं आणि पुढच्या प्रत्येक डब्यावर पीठ तयार केल्याची तारीख छापण्याचा आग्रह कुमुदनं धरला. तो आग्रह मान्य व्हायला आणखी चार वर्षं आणि दोन संचालक जावे लागले. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी एवढंच झालं की विश्वासनं खिशातली तिकिटं काढली, त्यांतलं एक मेजावर ठेवलं आणि दुसऱ्याचं काय करायचं म्हणून व्हरांड्याकडे पाहिलं.

व्हरांड्यात माई सुनंदाबाईंसमोर ताट घेऊन उभ्या होत्या. मोडलंच आहे तर आता नीट मोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. ताटात पुरी, खीर, बटाट्याची भाजी होती. लाडू नव्हता. सुनंदाबाईंनी ताट घेतलं आणि सामानाच्या वळकटीवर बसून जेवायला सुरुवात केली, खाली मान घालून, भूक लागलेल्या माणसासारखं.

"मीठ बरोबर आहे?" माईंनी विचारलं.

"जरा कमी आहे," सुनंदाबाई म्हणाल्या.

माई लगबगीनं मीठ आणायला गेल्या. अशा तत्परतेनं त्या कुणाच्या शेऱ्यावर उठलेल्या लताला आठवत नव्हत्या.

*

बायका गेल्यावर मायलेकी गच्चीवर बसल्या. ऊन आता फक्त कठड्यावर होतं. खालून कुणीतरी शालू काढत होतं आणि जरीला सांभाळून काढ म्हणून माईंच्या सूचना ऐकू येत होत्या. कुमुदच्या अंगावरची शेवंती मलूल झाली होती. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला झोप येत असल्यासारखं वाटलं, मोठ्या पाण्यासारखी, पायांकडून वर.

"मी खोटं सांगणार होते," सुनंदाबाई म्हणाल्या.

कुमुदनं मान थोडी वळवून आईकडे पाहिलं.

"रागावलीस?"

"नाही. कसला वास होता गं तो? नीट सांग. मला नाव सापडत नाहीये."

सुनंदाबाईंना विचार करावा लागला नाही. "समईच्या तळाशी तेल राहतं ना जुनं, दिवाळीनंतर घासायला काढली की. बोटाला लागतं तसलं. तसा."

कुमुदनं डोळे मिटले. तोच. अगदी तोच. गोदामात पहिल्या दिवशी आला तो, आज लाडवात आला तो. नाकाला काही झालं नव्हतं.

"हा शब्द सोमवारी लिहीन," ती म्हणाली. "समईचं जुनं तेल. त्यांच्या यादीत नाहीये असा."

"लिही. मग त्या सहगलांना समई कशी असते ते दाखवायला लागेल." सुनंदाबाई तिच्या केसांतली फुलं एकेक करून काढू लागल्या. "पाळण्याचं काय करू? रेल्वेनं पाठवतात का असा?"

 कुमुद झोपली होती. सुनंदाबाईंनी फुलं कठड्यावर ठेवली आणि मुलीच्या अंगावर शाल ओढून, तिचा श्वास जड होईपर्यंत, मांडी न हलवता बसून राहिल्या. खाली विश्वास कुणाला तरी फोनवर सांगत होता की एकच नाही, दोन्ही तिकिटं परत करायची आहेत.